खाडीकाठी लाकडी वाट हवी, पण लाकूड कोणतं?

नावडे (ता. पनवेल) : जुन्या घराची कौलं उतरवताना एक गोष्ट हमखास दिसते. पावसाच्या बाजूचे वासे भुगा होऊन हातात येतात आणि चुलीच्या वरचे, वर्षानुवर्षं धूर खाऊन काळेकुट्ट झालेले वासे ठणठणीत निघतात. सुतार ते बाजूला काढून ठेवतो आणि नव्या गोठ्याला वापरतो. लाकूड दोन्हीकडे एकच. एकाला ऊब मिळाली, दुसऱ्याला पाणी.

ही साधी गोष्ट आता कारखान्यात केली जाते. लाकूड ठरवून भाजलं जातं किंवा त्याच्यावर अशी प्रक्रिया केली जाते की ते पाणी पीतच नाही. त्याला 'सुधारित लाकूड' म्हणतात. परदेशात नदीकाठच्या आणि समुद्रकाठच्या बागांमध्ये चालायच्या वाटांसाठी ते वापरलं जातं. आपल्याकडे हे नाव अजून फारसं कानावर आलेलं नाही, पण येणार हे नक्की.

कारण नावड्याच्या आसपास काय चाललंय ते सगळे बघतातच. नावडे, तोंडरे, पेंधर, रोडपाली या पट्ट्यात भातशेती जाऊन टॉवर उभे राहिले. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. लोक वाढले की संध्याकाळी फिरायला जागा लागते आणि इथे मोकळी जागा म्हणजे कासाडी नदीचा काठ, तळोज्याची खाडी आणि गावोगावचे तलाव. तलाव किंवा खाडीकाठ सुशोभित करायचा म्हटलं की नकाशाच्या रंगीत चित्रात पाण्यावर एक लाकडी वाट असतेच. चित्रात ती सगळीकडे सारखीच दिसते. लाकूड कोणतं, हे अंदाजपत्रकातल्या एका ओळीत लिहिलेलं असतं. ती वाट पाच पावसाळे टिकणार की पंचवीस, हे त्या ओळीवर ठरतं. पैसा आपल्या घरपट्टीतला असतो आणि फळी तुटली तर पाय कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईचा जातो.

लाकूड सडतं कशामुळे?

लाकूड पाण्याने सडतं असं आपण म्हणतो. खरं तर ते बुरशीने सडतं, पाणी फक्त बुरशीची सोय करतं. लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची जुडी. या नळ्यांच्या भिंतींना पाण्याची फार ओढ असते. पावसात भिंती पाणी ओढून फुगतात, उन्हात ते सोडून आखडतात. दर वर्षी हे फुगणं-आखडणं चालू राहिलं की फळीला चिरा पडतात, खिळे सैल होतात आणि चिरांमध्ये आणखी पाणी शिरतं. लाकडातला ओलावा वजनाच्या वीस टक्क्यांच्या खाली असला तर बुरशीला तिथे जगता येत नाही. त्याच्या बराच वर गेला आणि तसाच राहिला की ती लाकूड खायला सुरुवात करते.

रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. साधी पाइनची फळी इथे उघड्यावर ठेवली तर ती जून ते सप्टेंबर ओलीच असते. म्हणून आपल्या जुन्या लोकांनी बाहेरच्या कामाला कायम साग, ऐन अशी लाकडं घेतली. सागाच्या पोटात तेल असतं, बुरशीला आणि वाळवीला ते मानवत नाही. पण चांगला, गाभ्याचा साग तयार व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतात. शंभर मीटरच्या वाटेला सगळा साग घालायचा म्हटलं तर भाव ऐकूनच कागद बाजूला पडतो.

बाहेरच्या देशांनी सागाऐवजी ॲमेझॉनच्या जंगलातलं 'इपे' नावाचं दगडासारखं लाकूड वापरलं. न्यूयॉर्कच्या समुद्रकाठच्या वाटा, बाकडी यांना वर्षानुवर्षं तेच लागत होतं. जंगल तुटतंय अशी ओरड झाल्यावर २००८ मध्ये त्या शहराने असं उष्ण प्रदेशातलं लाकूड कमी करण्याची योजना जाहीर केली. २०२२ मध्ये इपेच्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत गेल्या आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते निर्बंध लागू झाले. म्हणजे दुसऱ्याचं जंगल तोडून आपली बाग सजवण्याची वाट हळूहळू बंद होतेय. सुधारित लाकडाला मागणी आली ती यामुळे. लवकर वाढणारं, शेतात लावलेलं, स्वस्तातलं झाड घ्यायचं आणि त्याला सागासारखं टिकाऊ करायचं.

भाजलेलं, आंबटात मुरलेलं आणि चिपाडाच्या रसायनातलं

यात पहिला प्रकार भाजलेल्या लाकडाचा. फिनलंडमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. बंद भट्टीत वाफ सोडून लाकूड साधारण १९० ते २१२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. वाफेमुळे ते पेट घेत नाही. बुरशीला आवडणारा गोड-पिठूळ भाग जळून जातो, पाण्याची ओढ कमी होते आणि रंग कॉफीसारखा होतो. औषध काही नाही, फक्त उष्णता आणि वाफ. बांबू तोडल्यावर आपण काही आठवडे ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवतो, म्हणजे त्यातली साखर-पीठ निघून जाते आणि भुंगा लागत नाही. विचार तोच, रीत वेगळी. पण भाजल्यावर लाकूड ठिसूळ होतं, वाकवल्यावर लवकर मोडतं. म्हणून ते भार घेणाऱ्या तुळईला चालत नाही आणि मातीत गाडायलाही नाही. वरच्या फळीला चालतं, तेही खालचे आधार जवळजवळ दिले असतील तर.

दुसरा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. सुकवलेलं पाइन लाकूड मोठ्या बंद टाकीत घालून त्यात ॲसेटिक ॲनहायड्राइड नावाचं रसायन दाबाने मुरवतात आणि तापवतात. हे व्हिनेगरच्या घराण्यातलं रसायन आहे. नळ्यांच्या भिंतींमध्ये पाण्याला धरून ठेवणारे जे आकडे असतात, त्यांच्या टोकांना हे रसायन चिकटून बसतं. मग पाण्याला धरायला जागाच उरत नाही. यात वरून लेप दिलेला नसतो, फळी मधोमध कापली तरी आतलं लाकूड तसंच बदललेलं असतं. काम झाल्यावर व्हिनेगरचा आंबट वास मात्र काही महिने राहतो. 'अकोया' या नावाने विकलं जाणारं लाकूड असं तयार होतं. न्यूझीलंडमध्ये पंचवीस-तीस वर्षांत वाढलेलं पाइन नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या कारखान्यात जातं. कंपनी जमिनीच्या वर ५० वर्षांची आणि जमिनीत किंवा गोड्या पाण्यात २५ वर्षांची हमी देते. 'गोड्या पाण्यात' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

हे लाकूड किती भार घेतं याचा पुरावा नेदरलँड्समध्येच स्नेक या गावी आहे. तिथे २००८ मध्ये महामार्गावरून जाणारा ३२ मीटर लांबीचा पूल याच लाकडाचा बांधला. ६० टनांचा भार धरून त्याचं गणित केलेलं आहे.

तिसऱ्या प्रकाराचं आपल्या ऊसवाल्यांना विशेष वाटेल. नॉर्वेतली 'केबोनी' ही कंपनी लाकडात फरफुरिल अल्कोहोल मुरवते आणि तापवून ते आत घट्ट करते. हे अल्कोहोल तयार होतं उसाच्या चिपाडापासून आणि मक्याच्या कणसाच्या बुरकुंडापासून. म्हणजे आपल्याकडे साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या चोयट्यांपासून निघालेलं रसायन तिकडे बंदराच्या वाटेवर उन्हापावसात उभं आहे.

हिरवट लाकूड चुलीत घालू नका

लाकूड टिकवण्याचा याआधीचा मोठा शोध भारतातलाच आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात दाबाने भरण्याची पद्धत काढली. जगभर विजेचे आणि टेलिफोनचे खांब या औषधाने टिकले. त्याने लाकडाला हिरवट छटा येते. पण आर्सेनिक म्हणजे आपल्या भाषेत सोमल, विषच. मुलं खेळतात, लोक हात टेकतात अशा ठिकाणी ते नको, म्हणून अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरासाठी ते बंद झालं. खांबांसाठी ते अजून चालतं.

गावाला याच्याशी काय करायचंय? तर काम संपल्यावर साइटवर तुकडे पडतात आणि ते कुणीतरी जळणाला उचलतंच. आर्सेनिकवालं लाकूड चुलीत घातलं तर विषारी धूर होतो आणि राखेतही विष उरतं. ती राख परसात वांग्याला टाकली की पुढचं सांगायला नको. भाजलेल्या लाकडात असं विष नसतं, आंबटात मुरलेल्या लाकडातही नसतं. ठेकेदार 'ट्रीटेड लाकूड' एवढंच म्हणाला तर ते यातलं कोणतं, हे विचारलंच पाहिजे. दोन्हींना ट्रीटेडच म्हणतात.

खाडीचं पाणी म्हणजे वेगळं प्रकरण

आता 'गोड्या पाण्याची' गोष्ट. खाडीत लाकडाचा मोठा शत्रू बुरशी नसून एक जीव आहे. त्याला इंग्रजीत जहाजाची अळी म्हणतात, पण ती अळी नाही. तो तिसऱ्यांचा भाऊबंद आहे, दोन शिंपल्यांचा प्राणी. फरक एवढाच की शिंपल्या त्याने अंग झाकायला न ठेवता डोक्याशी नेल्यात आणि त्यांची कानस करून तो लाकूड कोरत जातो. बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं, आत बोटाएवढी बोगदी असतात. १७३१ मध्ये नेदरलँड्सचे समुद्रबांध या जिवाने पोखरले. १९१९ ते १९२१ च्या दरम्यान सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातले धक्के एकामागून एक पाण्यात बसले ते यानेच. आपले कोळी-आगरी बांधव होडी ठरावीक दिवसांनी वर ओढून वाळवतात, तळ खरवडतात आणि तेल-डांबर लावतात, ते काही उगीच नाही.

स्वीडनच्या समुद्रात झालेल्या चाचण्यांमध्ये आंबटात मुरवलेलं आणि फरफुरिलवालं लाकूड या किड्यापुढे अनेक वर्षं टिकलं, तर साधं पाइन वर्ष-दोन वर्षांत संपलं. पण ते थंड पाणी. आपल्या उबदार खाडीत या जिवांच्या जाती जास्त आणि त्यांची भूकही बारमाही. त्यामुळे तळोज्याच्या खाडीत चिखलात उभे राहणारे खांब लाकडाचे करायचा मोह टाळलेलाच बरा. खांब काँक्रीटचे, वरची चौकट भक्कम आणि सुधारित लाकूड फक्त चालायच्या फळीला आणि कठड्याला, मोठ्या उधाणाच्या पाण्याच्याही वर. एवढी काळजी घेतली तर हे लाकूड खाडीकाठी शोभतं आणि टिकतंही.

फळीपेक्षा आधी स्क्रू जातो, हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात येतं. खारी हवा, त्यात शेजारी तळोजा औद्योगिक वसाहत. साधा जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू इथे फार काळ तग धरत नाही. आंबटात मुरलेल्या लाकडात थोडं आम्ल उरलेलं असतं, ते तर असा स्क्रू आणखी लवकर खातं. म्हणून कंपन्याच सांगतात की स्टेनलेस स्टीलच हवं आणि समुद्राजवळ ३१६ ग्रेडचं. भारी लाकूड आणून त्यात दोन रुपयांचा स्क्रू मारला तर फळी शाबूत आणि वाट मात्र खिळखिळी, असं होतं.

आता वास. कासाडीच्या प्रदूषणाचा विषय राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जाऊन आला. वाट कितीही भारी लाकडाची केली तरी नाकाला रुमाल लावून कोण फिरणार?

तिवरांमधून वाट नेताना

खाडीकाठ म्हटला की तिवरं आली. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आहे. जमीन सरकारी असो की खाजगी, तिवरांभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्यात येतो. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कांदळवनातून फिरण्याच्या वाटेला निसर्ग पर्यटन म्हणून परवानगी मिळू शकते, पण मंजूर आराखड्यात असेल तरच. लाकूड कितीही 'पर्यावरणपूरक' असलं तरी त्याच्यासाठी तिवर तोडता येत नाही, हे आधी पक्कं असावं.

अशी वाट पाहायची असेल तर लांब जायला नको. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे तिवरांमधून उचललेल्या वाटेने फिरता येतं आणि फ्लेमिंगो पाहायला बोटही निघते. शेजारचं ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं. मुंबईत मलबार हिलला ३० मार्च २०२५ पासून झाडांच्या उंचीवरून जाणारी ४८५ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद लाकडी वाट सुरू झाली. ती पाण्यावर नाही, पण मुंबईच्या पावसात लाकूड कसं वागतं हे पुढच्या काही वर्षांत तिथे पाहायला मिळेल. गेलात तर फळ्यांवरून चालताना कडेचे स्क्रू आणि फळ्यांची टोकं बघा. लाकूड नेहमी टोकाकडून जातं.

दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट असावी. पाणी निथळतं, वारा खेळतो आणि खाली तिवरांच्या वर आलेल्या श्वासमुळांना थोडा उजेड मिळतो. फट फार मोठी ठेवली तर काठी अडकते, बाळाच्या गाडीचं चाकही. फळ्यांवर खाचा असाव्यात असं सगळे म्हणतात, पण खाचांमध्ये चिखल बसला की शेवाळ तिथेच धरतं. पावसाळ्यात कुंचा आणि पाण्याने घासणारा माणूस लागतोच, त्याला पर्याय नाही. त्याचा पगार अंदाजपत्रकात धरलेला असतो का, ते बघा.

दिसायला लाकूड

बाजारात 'डब्ल्यूपीसी' नावाच्या फळ्या मिळतात. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून ओतलेल्या. स्वस्त आहेत, दिसतातही बऱ्या, घराच्या गॅलरीत ठीक. पण एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहा. हलक्या प्रतीच्या फळ्या उन्हाने वाकतात आणि झिजून त्यातलं प्लास्टिक खाली पाण्यात, म्हणजे निवट्या आणि चिंबोऱ्यांच्या पोटात जातं. बागांमधल्या झाडाच्या खोडासारख्या दिसणाऱ्या सिमेंटच्या कचराकुंड्यांना निदान कुणी लाकूड म्हणून बिल लावत नाही.

दुसरी फसगत रंगाची. साध्या पाइनला कॉफी रंगाचं पॉलिश मारलं की ते भाजलेल्या लाकडासारखं दिसतं. ओळखायचं सोपं आहे. फळीचं कापलेलं टोक पाहा. भाजलेलं लाकूड आतपर्यंत एकाच रंगाचं असतं, पॉलिश फक्त सालीपुरतं. आंबटात मुरलेलं लाकूड मात्र दिसायला साध्या पाइनसारखंच, तिथे रंगाचा उपयोग नाही. त्याला बादली लागते. साइटवर पडलेला तुकडा मागून घ्या, तेवढ्याच रुंदीचा साधा पाइनचा तुकडा घ्या, दोन्हींची रुंदी मोजा आणि दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. हातभर लांब, वीतभराहून थोड्या कमी रुंदीची साधी फळी पाच-सहा मिलिमीटर फुगू शकते. खरं सुधारित लाकूड त्याच्या पाव हिश्शाने, फार तर निम्म्याने फुगेल.

आणि उलटी चूकही होते. खरं सुधारित लाकूड उन्हाने वर्ष-दीड वर्षात राखाडी पडतं. 'सडलं, सडलं' म्हणून बोंब मारण्याआधी टाचणी टोचून पाहावी. टाचणी आत जात नसेल तर लाकूड ठीक आहे, फक्त रंग उडालाय.

कागद कुठे मागायचा

नावडे २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे. शहर वसवण्याचं काम सिडकोकडे, औद्योगिक वसाहत एमआयडीसीकडे, कांदळवन वन विभागाकडे. म्हणून कुठल्याही खाडीकाठच्या कामाला पहिला प्रश्न हाच की टेंडर कुणाचं. ते कळलं की अंदाजपत्रकाची प्रत मागता येते. त्यात लाकडाची जात, प्रक्रियेचा प्रकार, टिकाऊपणाचा वर्ग, स्क्रूचा ग्रेड आणि देखभालीची वर्षं लिहिलेली आहेत का, ते पाहा. 'उत्तम प्रतीचे लाकूड' एवढंच लिहिलं असेल तर ठेकेदाराने काहीही आणलं तरी त्याला कोणी बोलू शकत नाही. पुरवठादाराची हमी कुणाच्या नावावर आहे तेही बघावं. ती ठेकेदाराच्या नावावर असेल तर तो गेला की हमीही गेली.

माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये कागद मागण्याचा हक्क आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच कायद्यात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोडे वापरतात. वर सांगितलेल्या बादलीच्या परीक्षेला तो तुकडा असा रीतसर मिळू शकतो.

भारतात हे लाकूड बनणार का, असं विचारणारे शेतकरीही आहेत. बंगळूरच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत रबराच्या लाकडावर अशा प्रक्रियांचं संशोधन झालेलं आहे. रबराची झाडं चीक संपल्यावर तोडावीच लागतात आणि आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडेही रबराच्या बागा आहेत. पण बाजारात मागणी उभी राहिल्याशिवाय बांधावर झाडं लावायची घाई कुणी करू नये. निलगिरीच्या वेळी लोकांनी काय भोगलं ते आठवतंच.

एक शेवटचं, नकाशा मंजूर होण्याआधीचं. खाडीत अजून पाग टाकणारे आहेत, होड्या आहेत. वाट काठाला धरून सलग नेली तर होडी बाहेर काढायची जागा बंद होते. वाटेत कुठे होडीला मोकळीक ठेवायची आणि ओहोटीला चिखलात उतरायला पायऱ्या कुठे हव्यात, हे चित्र काढणाऱ्याला ऑफिसात बसून कळत नाही. हरकती-सूचनांची मुदत असते तेव्हाच ते लेखी द्यावं लागतं आणि पोचपावती घ्यावी लागते. फळ्या बसल्यावर त्या कापून वाट काढायची म्हटलं तर खर्चही वाढतो आणि कापलेल्या टोकांना पाणीही लागतं.